नाझरला विचारा : शेरीफला मत द्यायचं म्हणजे काय?

प्रश्न : नाझरसाहेब, सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी लेकीकडे अमेरिकेत, टेक्सासला शुगरलँड गावी राहून आले. निवडणुकीचे दिवस होते. घरोघरच्या हिरवळीवर पाट्या खोचलेल्या, त्यांत ‘शेरीफपदासाठी मत द्या’ अशाही होत्या. जावई म्हणाले, इथला एक शेरीफ तर पुढे निवडून आमदार झाला, आणि तेही आपल्या एका कुलकर्ण्याला हरवून! पोलिसाला मत द्यायचं हेच माझ्या डोक्यात शिरत नाही. हा शेरीफ म्हणजे आपला एसपी का? आणि खाकीतला माणूस असा सरळ आमदार कसा होतो? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, आधी जावईबापूंच्या बोलण्यात थोडी दुरुस्ती. शुगरलँड येतं फोर्ट बेंड काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). तिथे ट्रॉय नेल्स २०१३ पासून शेरीफ होते आणि २०२० साली त्यांनी श्री प्रेस्टन कुलकर्णी यांना हरवलं, इथवर बरोबर. पण ते निवडून गेले वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात. म्हणजे आपल्या भाषेत खासदार झाले. टेक्सासचं राज्य विधिमंडळ ऑस्टिनला बसतं. त्याच काउंटीतून राज्याच्या विधिमंडळात गेलेला शेरीफ पाहायचा असेल तर दीडशे वर्षं मागे जावं लागेल. खरं सांगायचं तर मला त्याच्याबद्दलच जास्त लिहायचंय. पण आधी शेरीफ काय करतो ते बघू.

एसपीशी तुलना अर्धीच जमते. आपल्या एसपीला गृहखातं नेमतं आणि गृहखातंच हलवतं. शेरीफची बदली करायला वर कुणी साहेबच नाही. टेक्सासात २५४ काउंट्या, प्रत्येकीला एक शेरीफ आणि दर चार वर्षांनी निवडणूक. शुगरलँडसारख्या शहराचे स्वतःचे पोलीस असतात, त्यामुळे गस्त, चोऱ्यामाऱ्या हे शेरीफकडे मुख्यतः शहरांच्या हद्दीबाहेरचं. मात्र काउंटीचा तुरुंग त्याचा, कोर्टातला बंदोबस्त त्याचा, आणि कोर्टाचे कागद बजावणं, जप्ती, लिलाव हेही त्याच्याकडे. टेक्सासात यातलं बरंचसं काम कॉन्स्टेबलही करतो. तो आपल्या हवालदाराच्या खालचा शिपाई नव्हे हं, तोही निवडून आलेलाच असतो! तेव्हा एसपी, तुरुंग अधीक्षक आणि आमच्या शिवाजीनगर कोर्टातला नाझर, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या बेलिफांचा प्रमुख, या तिघांची कामं एकाच्या गळ्यात घाला आणि त्याला मतं मागायला पाठवा. झाला तुमचा शेरीफ.

पैसा मात्र त्याच्या हातात नाही. गाड्या, माणसं, तुरुंगातला स्वयंपाक, सगळ्याचा खर्च मंजूर करतं काउंटीचं ‘कमिशनर्स कोर्ट’. नाव कोर्ट असलं तरी ती पाच निवडून आलेल्या लोकांची कारभारी समिती आहे. शेरीफला दरवर्षी त्यांच्यापुढे अंदाजपत्रक घेऊन उभं राहावं लागतं. मतं मागणं, खर्चाचा हिशेब देणं, लोकांच्या तक्रारी ऐकून घेणं हे त्याला पहिल्या दिवसापासून करावं लागतं. म्हणून त्यानं विधिमंडळात जाणं हे आपल्याकडे एखाद्या अधिकाऱ्यानं राजकारणात उडी घेण्यासारखं नाही. तो राजकारणातच असतो, फक्त कमरेला पिस्तूल असतं.

याचा रोजच्या कामावर काय परिणाम होतो ते माझ्या खात्यातल्या उदाहरणानं सांगतो. ताबा वॉरंट हे बेलिफाच्या नोकरीतलं सगळ्यात नकोसं काम. नारायण पेठेतल्या एका वाड्यात बेलिफाबरोबर मी स्वतः गेलो होतो. खटला मालक आणि भाडेकरू यांच्यातला, दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, कित्येक वर्षं चाललेली. वाड्यातले शेजारी पंच व्हायला तयार होईनात. उद्या तोंड कसं दाखवायचं, हा त्यांचा प्रश्न. शेवटी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला आणि इस्त्रीवाल्याला हाताला धरून आणलं. आत म्हातारा-म्हातारी दोघंच. सामानाची यादी करताना बेलिफ मोठ्यानं सांगत होता आणि कारकून लिहीत होता : पितळी घंगाळ एक, पाट चार, लोखंडी कॉट दोन, बरणी लोणच्याची, भरलेली. म्हातारीनं मधेच विचारलं, “त्यात लिंबाचं आहे, ते वेगळं लिहिणार का?” कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिही. तसं लिहिलं, पंचांच्या सह्या झाल्या आणि आम्ही कुलूप लावून किल्ली मालकाच्या हाती दिली. हुकूम कोर्टाचा, आम्ही निमित्तमात्र. बजावणी करणार नाही असं मी म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत निलंबनाचा कागद टेबलावर आला असता, आणि तो योग्यच ठरला असता.

आता शिकागोचं बघा. तिथल्या कुक काउंटीचे शेरीफ टॉम डार्ट. गंमत म्हणजे हे उलट्या वाटेनं आलेले, आधी इलिनॉय राज्याचे आमदार आणि २००६ पासून शेरीफ. २००८ साली अमेरिकेत घरकर्जं बुडाली आणि बँका घरं ताब्यात घेऊ लागल्या. मालकानं हप्ते थकवलेले असायचे, आणि भाडं वेळेवर भरणाऱ्या भाडेकरूला पत्ताही नसायचा. एके दिवशी थेट शेरीफची माणसं दारात. ऑक्टोबर २००८ मध्ये डार्टनी जाहीर केलं की अशा घरांची खाली करण्याची वॉरंटं माझं खातं बजावणार नाही. बँकवाले खवळले, न्यायालयाच्या अवमानाची भाषा झाली. काही दिवसांनी, घरात कोण राहतं याची आधी खात्री करून घेण्याची पद्धत ठरल्यावर काम पुन्हा सुरू झालं. मी ही बातमी वाचली तेव्हा आमच्या ऑफिसात दोन तट पडले होते. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे : हुकूम अडवणं नाझराचं काम नाही. पण ज्याला त्या भाडेकरूंनीच मत दिलंय, त्याला आमच्यासारखं ‘वरून आलंय’ म्हणून हात वर करता येत नाहीत.

आता तो दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस, वॉल्टर मोझेस बर्टन. जन्मानं गुलाम. मालकानं त्याला १८५०च्या सुमारास फोर्ट बेंडमध्ये आणलं आणि, त्या काळात विरळाच म्हणायचं, लिहाय-वाचायला शिकवलं. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. त्याच जुन्या मालकानं त्याला जमिनीचे मोठाले तुकडे १९०० डॉलरला विकले. काउंटीत कृष्णवर्णीयांचं बहुमत आणि त्यांना नुकताच मताचा हक्क मिळालेला. १८६९ साली बर्टन फोर्ट बेंडचा शेरीफ आणि करवसुली अधिकारी म्हणून निवडून आला. अमेरिकेत निवडून आलेला पहिला कृष्णवर्णीय शेरीफ अशीच त्याची नोंद केली जाते. कालपरवापर्यंत ज्याची खरेदी-विक्री होत होती, तो आता काउंटीचा सारा गोळा करतोय आणि तुरुंगाच्या किल्ल्या बाळगतोय. गोऱ्या जमीनदारांनी ते कसं गिळलं असेल याची कल्पना करा.

१८७३ साली तो टेक्सासच्या सिनेटला उभा राहिला आणि जिंकला. लगेच तक्रार. मतपत्रिकांवर त्याचं नाव वेगवेगळ्या तऱ्हांनी छापलेलं होतं, म्हणून निवडणूकच वैध नाही असा प्रतिपक्षाचा दावा. हे वाचून मला हसू आलं. अहो, आमच्याकडे सातबाऱ्यावर ‘दगडू’, रेशनकार्डावर ‘ज्ञानेश्वर’ आणि दाव्यात ‘डी. के.’ असा एकच इसम निघायचा, आणि नेमका जप्तीच्या दिवशी तो ‘मी तो नव्हेच’ म्हणायचा. नावातल्या फरकाचा फायदा घेणारे सगळीकडे सारखेच. सिनेटनं १८७४च्या फेब्रुवारीत बर्टनची निवड कायम केली आणि मधला थोडा खंड सोडला तर १८८२ पर्यंत तो सिनेटर राहिला. कृष्णवर्णीय मुलांचं शिक्षण हा त्याचा मुख्य विषय. प्रेअरी व्ह्यू इथं शिक्षक तयार करणारी सरकारी शाळा निघाली, तिचं विधेयक पुढे रेटणाऱ्यांत तो होता. आज ते प्रेअरी व्ह्यू ए अँड एम विद्यापीठ आहे. तो सिनेट सोडून निघाला तेव्हा एका गोऱ्या सहकाऱ्याच्या सूचनेवरून सभागृहानं त्याला सोन्याच्या मुठीची शिसवी काठी भेट दिली.

आता पुणेकर म्हणून थोडं विषयांतर करतो, संपादकांनी चालवून घ्यावं. बर्टन सिनेटला निवडून आला त्याच १८७३ साली आपल्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि ‘गुलामगिरी’ छापली. ते पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलंय. बर्टनचं नाव फुल्यांच्या कानावर गेलं असेल असं म्हणायला मला काही आधार सापडलेला नाही. पण गंज पेठेत बसून हा माणूस ज्या मुक्तीकडे आशेनं पाहत होता, तिचं एक चालतंबोलतं फळ त्या वेळी टेक्सासच्या सिनेटकडे निघालं होतं. पुढे १८७६ पासून जोतीराव पुणे नगरपालिकेत सभासद होते. १८८२ साली, बर्टन सिनेटमधून बाहेर पडला त्याच वर्षी, त्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात सरकारी पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि रयतेच्या पोरांना प्राथमिक शाळा मिळत नाही, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. दोघांचा विषय एकच. फरक हा की बर्टनकडे मतदार होते. पुण्यातल्या शूद्रातिशूद्रांना मत द्यायला अजून बरीच दशकं लागायची होती.

आणि मतदार हातातून गेले की काय होतं तेही फोर्ट बेंडनंच दाखवलं. १८८०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या गोऱ्यांत दोन तट पडले, ‘जेबर्ड’ आणि ‘वुडपेकर’. वुडपेकरांकडे सत्ता होती ती कृष्णवर्णीयांच्या मतांवर. ऑगस्ट १८८९ मध्ये रिचमंड गावात भररस्त्यात गोळीबार झाला. वुडपेकरांच्या बाजूचा शेरीफ टॉम गार्वी त्यात मारला गेला आणि काउंटीची सत्ता जेबर्डांच्या हाती गेली. मग त्यांनी एक नामी शक्कल काढली. आपल्या ‘खासगी’ मंडळाची आधी आपापसात निवडणूक घ्यायची, तीत फक्त गोऱ्यांनी मत द्यायचं, आणि जो जिंकेल तोच पुढे खऱ्या निवडणुकीत निवडून यायचा. कागदोपत्री सगळं कायदेशीर. हा प्रकार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९५३ साली मोडीत काढला. बर्टन १९१३ पर्यंत जगला, म्हणजे आपल्या गावात आपल्याच लोकांचं मत निरुपयोगी होताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं. त्याच्यानंतर त्या काउंटीत दुसरा कृष्णवर्णीय शेरीफ निवडून आला तो थेट २०२० मध्ये, एरिक फेगन. नेल्स वॉशिंग्टनला गेल्यामुळे खुर्ची मोकळी झाली होती आणि तिच्यासाठी त्यांचे जुळे भाऊ उभे होते. त्यांना फेगननी हरवलं. पाट्यांच्या त्या गर्दीमागे एवढं सगळं आहे, ताई. पुढच्या खेपेला लेकीला रिचमंडच्या मॉर्टन दफनभूमीत न्यायला सांगा. बर्टन तिथेच आहे.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहून पीएसआयच्या परीक्षेची तयारी करतोय. शेरीफसारखं नोकरीत राहून आमदारकी लढवता येते का? – एक विद्यार्थी

उत्तर : नाही. आधी परीक्षा पास व्हा. सरकारी नोकरानं निवडणूक लढवणं तर सोडाच, प्रचारात भाग घेणंसुद्धा महाराष्ट्राच्या १९७९च्या वर्तणूक नियमांत बसत नाही. शिवाय सरकारी लाभाचं पद धारण करणारा माणूस राज्यघटनेच्या १९१व्या कलमानं आमदारकीला अपात्र ठरतो. राजीनामा द्या, तो मंजूर होऊ द्या, मग अर्ज भरा.

तसं केलेल्यांची उदाहरणं आहेत. सत्यपाल सिंह पुण्याचे पोलीस आयुक्त होते, जर्मन बेकरीचा स्फोट त्यांच्याच काळातला. पुढे मुंबईचं आयुक्तपद सोडून ते २०१४ साली उत्तर प्रदेशातल्या बागपतमधून लोकसभेवर गेले. पण माझ्या आवडीचं उदाहरण सुशीलकुमार शिंद्यांचं, कारण ते आमच्या गोत्रातले. सोलापूरच्या कोर्टात अगदी खालच्या पायरीवरची नोकरी करत शिकले, मग पोलीस उपनिरीक्षक झाले, ती नोकरी सोडून १९७४ साली करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत गेले. पुढे मुख्यमंत्री आणि केंद्रीय गृहमंत्री. कोर्ट, पोलीस आणि विधिमंडळ या तिन्ही जागा शेरीफ एका पदाच्या जोरावर जोडतो. त्यांनी त्या एकेक करून पार केल्या.

शेरीफलाही अगदी मोकळं रान नसतं बरं का. टेक्सासच्या राज्यघटनेप्रमाणे मुदतीतला एक वर्ष आणि तीस दिवसांहून जास्त काळ शिल्लक असताना त्यानं दुसऱ्या पदाची उमेदवारी जाहीर केली, की ती घोषणा हाच राजीनामा समजतात. वेगळा अर्ज नको, मंजुरी नको.

प्रश्न : तिकडच्या आमदाराला पगार किती? – हडपसर

उत्तर : टेक्सासात महिना ६०० डॉलर. वर्षाचे ७२००. अधिवेशनाच्या दिवसांचा भत्ता वेगळा. नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, जास्तीत जास्त १४० दिवसांचं. त्यामुळे आमदार वकिली करतात, शेती करतात, दुकान चालवतात. पगारासाठी म्हणाल तर शेरीफनं जागचं हलू नये हे उत्तम! तरी काही जातात, कारण तुरुंगाचे नियम तिथे ठरतात. एक उदाहरण सांगतो. सँड्रा ब्लँड ही प्रेअरी व्ह्यूची माजी विद्यार्थिनी. जुलै २०१५ मध्ये त्याच विद्यापीठात नोकरीवर रुजू व्हायला आली असताना राज्य पोलिसानं तिला गाडी चालवण्यातल्या किरकोळ कारणावरून अडवलं. बाचाबाची झाली, अटक झाली आणि तीन दिवसांनी वॉलर काउंटीच्या तुरुंगात ती मृतावस्थेत सापडली. अटक राज्य पोलिसांची, पण तुरुंग शेरीफचा. २०१७ साली विधिमंडळानं तिच्या नावानं कायदा केला. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी आता बाहेरच्या यंत्रणेनं करायची आणि मानसिक त्रास असलेल्या कैद्यांची वेळीच दखल घ्यायची. असला कायदा होत असताना सभागृहात ज्यानं स्वतः तुरुंग चालवलाय असा एखादा माणूस असणं चांगलं. फार असणं मात्र मला बरं वाटत नाही.

प्रश्न : मुंबईला पण शेरीफ असतो ना? तो काय करतो? – औंध

उत्तर : मानाचं पद. राज्यपाल एका वर्षासाठी नेमतात, पगार नाही. डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ मध्ये मुंबईचे शेरीफ होते. अलीकडच्यांत दिलीपकुमार, सुनील गावसकर. पाहुण्यांचं स्वागत, शोकसभा बोलावणं ही कामं लोकांना दिसतात. पण त्यांचं कार्यालय हायकोर्टात असतं आणि ते हायकोर्टाचे हुकूमही बजावतं. देणी थकवलेलं जहाज बंदरात अडकवून ठेवणं, मग त्याचा लिलाव करणं, हे मुंबईच्या शेरीफच्या नावानं होतं. आम्ही उभ्या नोकरीत जप्तीत सायकली, टंकलेखन यंत्रं आणि एकदा पिठाची गिरणी आणली. जहाज काही नशिबात नव्हतं.

प्रश्न : माझा मुलगा ह्यूस्टनजवळ नोकरीला आहे. त्याच्या दारात गणवेशातला शेरीफचा माणूस येऊन कागद देऊन गेला. आमच्या तोंडचं पाणी पळालं आहे. वकील हजार गोष्टी सांगतो. आता दुसरीकडे त्याला फोनही येतोय की दंड भरा, नाहीतर अटक करू. – वाकड

उत्तर : दादा, ही दोन वेगळी प्रकरणं दिसतात, त्यांची गल्लत करू नका.

कागद देऊन गेला म्हणजे बहुधा समन्स बजावलं. अटकेशी त्याचा संबंध नाही. तिकडे शेरीफचे डेप्युटी हे काम गणवेशात करतात, आपला बेलिफ कापडी पिशवी घेऊन येतो, एवढाच फरक. कागद कोणत्या कोर्टाचा आहे ते पहिल्याच पानावर असतं. टेक्सासातल्या वरच्या दिवाणी कोर्टात उत्तराची मुदत अशी : कागद मिळाल्यापासून २० दिवस मोजायचे आणि त्यानंतर जो सोमवार येईल त्या सकाळी १० पर्यंत उत्तर दाखल करायचं. आपल्याकडे ३० दिवस, आणि कोर्टानं वाढवून दिले तर ९०. तिथे असली सवलत गृहीत धरू नये. धाकट्या कोर्टाचा किंवा घर खाली करण्याचा कागद असेल तर मुदत आणखी कमी असते. म्हणून मुलानं मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवावी आणि या आठवड्यातच तो कागद वकिलाला दाखवावा.

फोन मात्र बहुधा लबाडांचा. आपल्याकडे ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जे चाललंय त्याचाच हा तिकडचा भाऊबंद. ‘तुम्ही ज्यूरीच्या कामाला आला नाहीत, शेरीफनं वॉरंट काढलंय, आत्ता गिफ्ट कार्डानं पैसे भरा’, असं सांगतात. ज्यूरीत फक्त नागरिकच बसू शकतात. तुमचा मुलगा व्हिसावर असेल तर तिथेच पितळ उघडं पडलं. आणि कुठलाही शेरीफ गिफ्ट कार्डावर दंड घेत नाही. मुलाला म्हणावं, फोन ठेव, काउंटीच्या सरकारी संकेतस्थळावरून शेरीफच्या कार्यालयाचा नंबर स्वतः शोध आणि तिथे विचारून घे. आलेल्या नंबरावर उलट फोन करू नकोस.